हरवण्याची परीक्षा

चौकातला दिवा हिरवा झाला, आजूबाजूची माणसे पुढे सरकली, आणि परीक्षक मात्र पदपथाच्या कडेला उभेच राहिले. पाय धड होते, डोळे स्वच्छ पाहत होते. समोर औषधांचे दुकान होते, त्याला लागून चष्म्यांचे, आणि कोपऱ्यावर बंद पडलेल्या चित्रपटगृहाची पिवळी भिंत. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी होती. फक्त त्या जागांना एकमेकींशी जोडणारे जे काही असते, जे आजवर त्यांना कधी वेगळे असे दिसलेच नव्हते, ते कोणीतरी अलगद काढून घेतले होते. माळेतला दोरा ओढून घ्यावा आणि मणी क्षणभर हवेत तसेच राहावेत, तसे चार रस्ते त्यांच्यापुढे तरंगत होते. यांतला कोणता घराकडे जातो, हा प्रश्न मनात उमटला आणि त्या प्रश्नाच्या क्षुल्लकपणानेच त्यांच्या अंगावर काटा आला. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागून कोणीतरी "काका, चला ना," म्हणून खांद्याला घासून गेले. मग जे निसटले होते ते जसे गेले तसेच परत आले. पिवळ्या भिंतीपासून डावीकडे, शाळेच्या कुंपणावरून सरळ, पाण्याच्या टाकीशी उजवीकडे, की आपली इमारत. दोरा पुन्हा ओवला गेला. परीक्षकांनी रुमालाने कपाळ पुसले आणि जणू मुद्दामच थांबलो होतो अशा थाटात रस्ता ओलांडला.

परीक्षक हे काही त्यांचे नाव नव्हते, पण नावाने त्यांना हाक मारणारे आता कोणी उरलेही नव्हते. टॅक्सी चालवण्याचा परवाना हवा असणाऱ्या माणसाला या शहरात एक तोंडी परीक्षा द्यावी लागे, आणि नोकरीची सारी वर्षे ती परीक्षा त्यांनी घेतली होती. खोलीत एक मेज, दोन खुर्च्या आणि कोरी भिंत. नकाशाला तिथे मज्जाव. उमेदवार समोर बसे. परीक्षक म्हणत, "रेल्वे स्थानक ते नेत्ररुग्णालय," आणि डोळे मिटून घेत. मग उमेदवाराच्या तोंडून वळणे निघू लागत, आणि मिटल्या डोळ्यांच्या आत परीक्षक खरोखरच त्या गाडीत बसलेले असत. डाव्या हाताला छापखाना येई, कागदाचा ओलसर वास येई. पुलाचा चढ लागे तेव्हा पाठ किंचित खुर्चीला टेके. एकेरी वाहतुकीच्या गल्लीत उमेदवार उलटा शिरला की ते डोळे उघडत आणि एवढेच म्हणत, "थांबा." टॅक्सीवाल्यांत त्यांच्या गोष्टी होत्या. हा माणूस दाढीला बसला तरी न्हाव्याला आधी वाट विचारतो, वस्तरा मग गालावर येऊ देतो, असे ते म्हणत. परीक्षकांना ही थट्टा ठाऊक होती आणि मनातल्या मनात आवडतही होती. ज्ञान म्हणजे न अडखळता येणारे उत्तर, ही त्यांची धारणा एखाद्या मंत्रासारखी निर्विवाद होती. त्या धारणेवर त्यांनी एक आयुष्य उभे केले होते, आणि आज एका दिव्याच्या हिरव्यातून लाल होण्याच्या अवकाशात त्याच्या पायाखालची माती थोडी सरकली होती.

घरी त्यांनी काही सांगितले नाही. सांगायचे कोणाला, तर मुलीला. आणि मुलगी म्हणजे घरातला एकुलता एक खांब. ती कृत्रिम दात घडवी. दवाखान्यांतून साचे येत, त्यांवर ती मेण ओती, दातामागून दात रची, आणि न पाहिलेल्या माणसांचे हसू तिच्या हातून पुरे होई. संध्याकाळी ती परते तेव्हा नखांत गुलाबी मेण असे आणि मान अवघडलेली. तिचा नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. तेव्हा नातीला पोहण्याच्या तलावावरून घरी आणणे हे काम परीक्षकांकडे होते. ती नात म्हणजे भिंगरी. बसल्या जागी बसेल तर शपथ. तीन मोठे रस्ते आणि एक पूल ओलांडून दोघे रोज चालत येत. "तुम्ही आहात बाबा, म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असे मुलगी एकदा म्हणाली होती, मेणाचा डाग साबणाने घासता घासता, मागे वळूनही न पाहता. ते वाक्य परीक्षकांनी जपून ठेवले होते. आता तेच वाक्य काट्यासारखे रुतत होते. सांगितले तर पोरीचा तो लहानसा, क्लोरीनचा वास येणारा ओला हात त्यांच्या हातातून काढून घेतला जाईल, आणि मग घरात त्यांचे काम काय उरेल, तर टेबलावरच्या फुलदाणीचे. न सांगितले तर कधीतरी भर रहदारीत तो हात त्यांच्या हातात असेल आणि दोरा पुन्हा निसटेल. या दोन टोकांमध्ये ते रोज चालत होते. सकाळी खिडकीशी बसून स्वतःलाच प्रश्न घालत, उमेदवारही आपणच आणि परीक्षकही आपणच. स्थानक ते नेत्ररुग्णालय. बहुतेक दिवशी वळणे बिनचूक येत. एखाद्या दिवशी छापखान्यापाशी गाडी थांबे आणि पुढे पांढरे धुके असे. त्या दिवशी ते कोणाशी फार बोलत नसत. मुलीला वाटे, पोट बिघडले असेल.

भिंगरीचा एक खेळ होता. पडद्यावरचे एक शहर, आणि त्यात तिच्या वर्गातली, तलावावरची, शिवाय कुठल्या कुठल्या दूरच्या गावांतली ओळखीची मुले राहायला आलेली. कोणी पाव भाजत असे, कोणी टपाल वाटत असे, कोणी आग विझवत असे. रोज संध्याकाळी तासभर तिला त्या शहरात जायची मुभा होती आणि त्या तासावर नजर ठेवायची जबाबदारी आजोबांची. परीक्षक शेजारी वर्तमानपत्र उघडून बसत आणि त्या रंगीत गलबल्याकडे ढुंकूनही पाहत नसत. खोटी घरे, खोटी दुकाने, खोटा पाव. खरे रस्ते बाहेर ओस पडले असताना. कधी कानांवर शब्द पडत आणि नकळत वाचन थांबे. सुरुवातीला सगळ्यांनाच पोलीस व्हायचे होते म्हणे. शहरात पोलीसच पोलीस आणि पकडायला कोणी नाही. मग बरीच भांडाभांडी होऊन असे ठरले की ज्याला आज पोलीस व्हायचे त्याने आदल्या दिवशी चोर झाले पाहिजे. भिंगरी म्हणाली होती, "आजोबा, चोर झालं ना, की दुसऱ्या दिवशी आपण कमी ओरडतो." परीक्षकांनी "हं" म्हणून पान उलटले होते. गटार साफ करायला कोणी तयार नव्हते, तेव्हा त्या कामाला सगळ्यांत सुंदर टोपी दिली गेली होती, लाल पिसाची. आता त्या टोपीसाठी रांग होती. राज्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे ज्यासाठी डोके खाजवावे ते या पोरांनी दूध पिता पिता उरकले होते. परीक्षकांना हे जाणवले, पण त्या जाणिवेला त्यांनी खुर्ची दिली नाही.

एका संध्याकाळी भिंगरीने त्यांचे वर्तमानपत्र सरळ खाली दाबले. आज तिच्याकडे परीक्षा होती. त्या शहरातल्या टॅक्सीचा परवाना ती देत असे. हे काम तिने मागून घेतले होते, कारण घरात त्याचा वारसा आहे असे तिने सगळ्यांना सांगितले होते. परीक्षकांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याजवळ ओढली. नातीच्या तोंडून आता वळणे विचारली जातील, कोणी पोरगे अडखळेल आणि ती म्हणेल, "थांबा." आपल्यामागे काहीतरी उरते, असे क्षणभर त्यांना वाटले.

परीक्षा सुरू झाली आणि परीक्षकांना तिचा आकारच कळेना. उमेदवार एक मुलगा होता, खेळात त्याने भलीमोठी मिशी लावली होती. भिंगरीने त्याचा नकाशा बंद केला, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि शहराच्या कुठल्याशा अनोळखी कोपऱ्यात नेऊन सोडले. तो भाग मुलांनी नुकताच बांधला होता आणि उमेदवाराने कधीच पाहिलेला नव्हता. मग तिने त्याला सांगितले की टपालकचेरीपर्यंत ये, आणि ती स्वतः दूर एका छपरावर जाऊन बसली. मिशीवाला गोंधळला, इकडे तिकडे फिरला आणि शेवटी एका दारावर थाप मारली. दार उघडणारी मुलगी त्या दिवशी बहिरी शिंपीण झाली होती. मोठ्याने विचारले तरी तिला ऐकू येणार नव्हते, खुणेनेच विचारावे लागणार होते. पुढे एक चिडका बेकरीवाला होता, त्याला आधी त्याच्या भट्टीबद्दल चार शब्द विचारल्याशिवाय तो बोलत नसे. एक आजीबाई होती. ती वाट सांगता सांगता आपल्या मांजराची अख्खी कहाणी सांगे, आणि त्या कहाणीच्या पोटातच कुठेतरी वाट दडलेली असे. मध्येच उठून गेलात की वाट गेली. एक जण तर चुकीचीच वाट सांगणारा होता, पण त्याच्या आवाजातली घाई ओळखता आली तर ते कळत असे. ही सगळी मुलेच होती. कोणाच्या मागे खऱ्या स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, कोणाला सर्दी झाली होती. आणि तरीही त्या क्षणी ती आपापल्या म्हातारपणात, बहिरेपणात, चिडखोरपणात इतकी संपूर्ण बसली होती, की परीक्षकांना एखाद्या यज्ञमंडपाच्या दारात उभे असल्यासारखे वाटले. आपल्याहून वेगळ्या माणसाच्या कातडीत शिरून तिथून जग कसे दिसते हे पाहणे, यासाठी माणसे आयुष्य झिजवतात. आणि इथे आठ-नऊ वर्षांची पोरे शाळेचे मोजे न काढता ते करत होती. मिशीवाला बऱ्याच वेळाने टपालकचेरीत पोहोचला. त्याच्यानंतरचा उमेदवार चलाख होता. त्याने कोणालाच विचारले नाही, गल्ल्यांचा अंदाज बांधत धावत सुटला आणि क्षणात पोहोचला. भिंगरीने मिशीवाल्याला परवाना दिला. चलाख पोराला नापास केले.

परीक्षकांचा आतला माणूस ताडकन उठून उभा राहिला. हा अन्याय होता. जो बिनचूक आला तो नापास आणि जो दारोदार ठेचकाळत आला तो पास, हे कुठल्या शास्त्रात बसते, असे त्यांनी नातीला विचारले. तिने मान न वळवता सांगितले की पूर्वी तुमच्यासारखीच परीक्षा होती. सगळी वळणे पाठ असलेला एक जण पहिला आला. त्याला सगळे तुफान म्हणत. मग मुलांनी नवा भाग बांधला आणि तुफानला तो माहीत नव्हता. पण माहीत नाही हे तो कोणाला सांगेना. गाडीभर मुलांना घेऊन तो सबंध तास फिरत राहिला, नुसता फिरत राहिला, आणि कोणी विचारले की म्हणे, आलंच आता, आलंच आता. शेवटी सगळ्यांना जेवायला हाका आल्या आणि गाडी तशीच शहराबाहेरच्या माळावर राहिली. "नंतर तो रडला," भिंगरी म्हणाली. "आम्हाला राग आला नव्हता. पण त्याच्या गाडीत बसायची भीती वाटायला लागली. म्हणून आता असं आहे, की ज्याला विचारता येत नाही त्याच्याकडे गाडी द्यायची नाही." एवढे बोलून ती पुन्हा कामाला लागली. परीक्षक त्या लहानशा पाठीकडे, पाठीवरच्या ओल्या वेणीकडे पाहत राहिले. आलंच आता, आलंच आता. हे शब्द त्यांनी कोणाच्या तरी तोंडून अगदी अलीकडे ऐकले होते. मग ध्यानात आले, ते त्यांच्याच छातीत रोज संध्याकाळी, तलावापासून घरापर्यंत, चालू असत.

त्यांना बायको आठवली. ती विचारणारी होती. परक्या गावी गाडीतून उतरली रे उतरली, की दिसेल त्याला वाट विचारी. मार्ग हातातल्या कागदावर लिहिलेला असला तरी विचारी. परीक्षकांना याचा संकोच होई. ते मुद्दाम पुढे चालत, ही बाई आपल्याबरोबर नाही अशा बेताने. आणि मागे वळून पाहिले की ती कोणाच्या तरी ओट्यावर बसून पाणी पीत असे, घरातली सून तिला आपल्या बाळाच्या दातांबद्दल सांगत असे. "तुला माहीत असताना विचारतेस कशाला?" असे ते तणतणत. ती हसून म्हणे, "रस्ता कोण विचारतंय हो. माणसं बरी आहेत का ते बघते." तेव्हा हे उत्तर त्यांना बायकी चुटका वाटले होते. मघाशी पडद्यावर मिशीवाला मुलगा बहिऱ्या शिंपिणीपुढे हातवारे करत होता, आणि आता त्या हातवाऱ्यांतून बायकोचा आवाज इतका स्पष्ट आला की परीक्षकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. कोणत्या वाटेने आला होता तो आवाज इथवर? पोरीने आजीला पाहिलेही नव्हते.

भिंगरीने त्यांनाही परीक्षेला बसवले. नाही म्हणायला त्यांना जमले नाही, आणि खरे तर उत्सुकता त्यांनाच होती. तिने त्यांना एक करडा कोट आणि हॅट दिली, डोळे मिटवले, आणि डोळे उघडले तेव्हा ते एका रस्त्यात उभे होते. दोन्ही बाजूंना घरे होती, खिडक्यांत कुंड्या, वर एक खोटे, निर्मळ आकाश. त्यांना ठाऊक होते की आपण आपल्याच खुर्चीत आहोत, डाव्या हाताला चहाचा कप आहे. आणि तरीही, त्या चौकातल्यासारखेच, यांतला कोणता रस्ता कुठे जातो ते कळेना. अंगी भिनलेल्या सवयीने ते तर्क करू लागले. सावली या बाजूला म्हणजे सूर्य त्या बाजूला, रस्ता उतरता म्हणजे नदी खाली असेल, टपालकचेरी सहसा मध्यभागी असते. ते चालत राहिले. एक गल्ली, मग दुसरी, मग तीच पहिली. त्यांच्यामागून सायकलवर एक टपालवाला आला. आवाज कोवळा, जरा बोबडा, पण अदब मोठ्या माणसाची. सायकलीवरून उतरून त्याने विचारले, "काका, तुम्ही हरवलात का?" परीक्षकांचे ओठ उघडले. समोर एक लहान मूल आहे, खेळ आहे, काहीही पणाला लागलेले नाही, हे सर्व ते जाणून होते. "नाही," ते म्हणाले. "असाच फिरतोय." टपालवाला थोडा वेळ थांबला, मग सायकल घेऊन निघून गेला. छपरावरून भिंगरी खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर आजोबांची नात कुठेच नव्हती, होती ती फक्त एक अधिकारी. तिने जराही न हसता सांगितले की ते नापास आहेत, पण निराश होऊ नये, पुष्कळ जण पहिल्यांदा नापास होतात. परीक्षकांनी आजवर कोणाला नापास करताना एवढे सौजन्य दाखवले नव्हते. त्यांना हसू यायला हवे होते. ते उठून खिडकीशी गेले आणि बाहेर अंधारून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिले. आपण एका मुलाशी खोटे बोललो, आणि त्या मुलाला ते कळले, आणि त्याने आपली लाज राखली, या विचाराने त्यांना एकाच वेळी लहान आणि विलक्षण हलके वाटत होते.

जे व्हायचे होते ते त्यानंतर फार लांबले नाही. तलावावरून दोघे निघाले होते. भिंगरी आज पाण्याखाली डोळे उघडे ठेवून पोहली होती आणि त्याचे वर्णन संपत नव्हते. पूल ओलांडला, आणि पुलाच्या पायथ्याशी ते झाले. मागच्या वेळेपेक्षा शांतपणे झाले, कोणी शेजारच्या खोलीतला दिवा मालवावा तसे. रस्ता होता, दुकाने होती, संध्याकाळच्या उन्हात माणसे कामावरून परतत होती, आणि यांतले काहीही कशाच्याही पुढे वा मागे नव्हते. हातात पोरीचा हात होता. परीक्षक चालत राहिले, कारण थांबलो तर तिला कळेल. एक वळण त्यांनी उगाच घेतले. मग दुसरे. गाड्या जवळून जात होत्या. एका गोदामाच्या लांबच लांब भिंतीपाशी रस्त्याला पदपथच उरला नाही, आणि मालाची एक गाडी हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेली की भिंगरीचा फ्रॉक उडाला. तिची बडबड थांबली होती. तिने त्यांच्याकडे वर पाहिले. त्या डोळ्यांत भीती असती तर परीक्षकांनी कदाचित अजून एक वळण घेतले असते, आलंच आता म्हणाले असते. पण तिथे भीती नव्हती. तिथे केवळ लक्ष होते, एखाद्या वैद्याचे असावे तसे, किंवा छपरावर बसून कोणाची तरी वाट पाहणाऱ्याचे.

परीक्षक थांबले. भिंतीला खेटून त्यांनी पोरीला आतल्या बाजूला घेतले. आयुष्यभरात हजारो वळणे ज्या जिभेने तपासली तिला हे एक वाक्य पेलत नव्हते. "बाळा," ते म्हणाले, "मला वाट सापडत नाहीये. आणि ही पहिली वेळ नाही." बोलल्यावर आभाळ कोसळले नाही. गाड्या तशाच जात होत्या. भिंगरीने मान हलवली, जणू कोणी तिला वेळ सांगितली होती. मग ती म्हणाली, "बरं. तुम्ही विचारता की मी विचारू?" परीक्षकांनी इकडेतिकडे पाहिले. गोदामाच्या पलीकडे एका दुकानाच्या दर्शनी भागावर शिडी लावून एक बाई पाटी रंगवत होती. "मी विचारतो," ते म्हणाले.

शिडीखाली जाऊन उभे राहायला त्यांना फार धैर्य लागले. बाईने खाली न बघताच दुकान बंद असल्याचे सांगितले. मग परीक्षकांनी हॅट नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले की त्यांना दुकान नको आहे. ते याच शहरात जन्मले, इथले रस्ते त्यांनी उभी हयात लोकांना विचारले, आणि आज त्यांना स्वतःचे घर सापडत नाही. कुंचला हवेत थांबला. बाई शिडी उतरली. तिच्या कोपरापर्यंत निळा रंग होता. कोणता भाग, जवळ काय आहे, असे तिने विचारले. पाण्याची टाकी, भिंगरी म्हणाली. बाईने सांगायला सुरुवात केली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मध्येच थांबली, कुंचला डब्यात खोचला आणि म्हणाली, "राहू दे, सांगून कळायचं नाही. टाकी दिसेपर्यंत येते मी." वाटेत तिने वडिलांचे सांगितले. तेही पाट्या रंगवत, आणि पुढे विसर पडू लागल्यावर पाटीतले एखादे अक्षर राहून गेल्यासारखे वाटून पुन्हा पुन्हा शिडीवर चढत. शेवटी शेवटी तिने शिडीला कुलूप घातले होते, आणि घालायला नको होते असे तिला अजून वाटते. परीक्षक ऐकत होते. तिची कहाणी आणि वाट एकमेकींत विणल्या जात होत्या. मध्ये एक चढ लागला, पावाच्या भट्टीचा ऊबदार वास आला, आणि टाकी दिसली. बाई तिथूनच माघारी फिरली. तिच्या निळ्या हाताचा ठसा परीक्षकांच्या बाहीवर राहिला होता. तो पुसावा असे त्यांना वाटले नाही. ज्या शहराला त्यांनी रस्त्यांची मांडणी समजून आयुष्यभर पाठ केले होते त्याच्या भिंतींच्या आत इतकी माणसे, शिडीवरून उतरायला तयार अशी, सतत बसलेली होती, आणि त्यांना याची गंधवार्ताही नव्हती. भक्ताला मूर्तीत जे दिसते म्हणतात ते कदाचित असेच असेल, सवयीच्या दगडामागून अचानक वर येणारे.

मुलगी आली तेव्हा त्यांनी तिला हात धुऊ दिले, चहा दिला आणि सर्व सांगितले. चौकापासून गोदामाच्या भिंतीपर्यंत, काहीही न गाळता. हॉर्न वाजवत गेलेल्या मालाच्या गाडीचेही सांगितले. मुलीच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. आधी ती रागावली. आधी का नाही बोललात, पोरगी होती बरोबर, काही झालं असतं तर, असे सगळे, जे तिला म्हणायलाच हवे होते. परीक्षकांनी प्रत्येक प्रश्नाला हो म्हटले. मग ती नखांतले मेण काढत बसली. तिच्याकडे आजवर प्रत्येक गोष्टीचे उत्तर असे; हा वारसा तिला कोणाकडून मिळाला हे परीक्षक जाणत होते. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मला कळत नाहीये आता काय करायचं." हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून यापूर्वी कधी ऐकले नव्हते, अगदी लहानपणीही नाही. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. कोणाकोणाला विचारता येईल याची दोघांनी मिळून उजळणी केली. डॉक्टरीणबाई, तलावावरची शिक्षिका, जहाजावरचा जावई, खालच्या मजल्यावरचे जोडपे. शेजारच्या खोलीतून भिंगरीच्या शहराचा कोलाहल ऐकू येत होता. आज ती बहिरी शिंपीण होती बहुधा, कारण सगळे तिच्याशी ओरडून बोलत होते.

डॉक्टरीणबाईंकडची वेळ ठरली. तोवर मुलीने कामाचे तास बदलून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तलावावर तिघेही गेले. परतताना भिंगरी मधे होती, दोघांचे हात धरून. परीक्षकांना आज कुठलेही वळण लक्षात ठेवायचे नव्हते, आणि त्या मोकळिकीत त्यांना दारे दिसली, दारांवरच्या घंटा दिसल्या, एका खिडकीत वाळत घातलेले चिमुकले मोजे दिसले. जणू हे सारे आजच मांडले गेले होते. पूल उतरताच बॅग घेतलेला एक तरुण समोर आला. त्याने तिघांकडे पाहिले आणि अर्थातच सर्वांत वडील दिसणाऱ्यापाशी थांबला. नेत्ररुग्णालय कोणीकडे, त्याने विचारले. मुलीचा हात पुढे झाला. ती घाईने बोलणार होती, वडिलांना वाचवण्यासाठी. परीक्षकांनी तिला थांबवले. त्यांच्या आत एक गाडी सुरू झाली, छापखान्यापर्यंत गेली, आणि तिथे धुके होते. आज त्या धुक्यात त्यांना माणसे उभी असलेली जाणवत होती.

"मलाही नक्की ठाऊक नाही," ते तरुणाला म्हणाले, आणि त्याच्या बॅगेचा एक पट्टा त्यांनी आपल्या हातात घेतला. "चला, विचारू या."